सामाईक पान आणि चार इंचांचा समास

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. या आवृत्तीच्या निष्कर्षांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ती ज्या कागदावर घडली, त्या कागदाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वि. सी. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या १९३३ सालच्या प्रस्तावनेत त्या कागदाचे वर्णन करून ठेवले आहे. आडव्या-उभ्या रेघांनी आखलेला फुलस्केप कागद. सर्वांत वरच्या ओळीत ठळक अक्षरांत नीलकंठी पाठातला श्लोक. त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक ओळ. आणि त्या ओळीत, जिथे पाठ वेगळा असेल तिथे, वरच्या अक्षराच्या बरोबर खाली वेगळे अक्षर. उजव्या हाताला चार इंच रुंदीचा एक रकाना मोकळा ठेवलेला असे. खाडाखोड, समासातली भर, प्रतीत आढळणारे जादा श्लोक यांची नोंद तिथे करायची. भर फारच मोठी असली तर ती वेगळ्या शोधपत्रावर लिहून मूळ कागदाला जोडायची.

या कागदावर काम करणारे सारे हात पुण्यात नव्हते. दक्षिणेकडच्या प्रती तंजावरला, बंगालकडच्या प्रती शांतिनिकेतनात पडताळल्या जात. पर्वांचे संपादकही विखुरलेले होते. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांकडे, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांच्याकडे आणि सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे होते. टपाल, आगबोट आणि आखलेला कागद एवढ्या साधनांवर तीन-चार देशांत पसरलेल्या माणसांनी एक ग्रंथ सिद्ध केला.

आज दूरदूरच्या गावी बसलेले लेखक, अनुवादक, नाटकवाले आणि रेखाटनकार आंतरजालावरच्या एकाच पानावर एकाच वेळी लिहितात. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर शाळेतल्या मुलांनाही ते अपरिचित राहिलेले नाही. या साधनांचा इतिहास सामान्यतः वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी टपाल, मग विरोप, मग क्षणार्धात उमटणारे अक्षर. आम्हांला तो सुखटणकरांच्या कागदाशेजारी ठेवून वाचावासा वाटतो. त्या कागदात तीन गोष्टी होत्या: सर्वांना सामाईक असे पान, प्रत्येक हाताला नेमून दिलेली ओळ आणि मतभेद जपणारा समास. पुढच्या प्रत्येक साधनाने या तिघांपैकी काय घेतले आणि काय सोडले, हे पाहिले तर साहित्याच्या विद्यार्थ्याला या इतिहासात स्वतःचा प्रश्न सापडेल, असे आम्हांस वाटते.

सुरुवात ९ डिसेंबर १९६८ या दिवसापासून करणे रास्त होईल. सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांपुढे नव्वद मिनिटांचे एक प्रात्यक्षिक केले. एंगलबार्ट नौदलात रडार-तंत्रज्ञ होते. १९४५ साली फिलिपिन्समध्ये असताना व्हॅनिव्हर बुश यांचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. माणसाच्या वाचनाच्या वाटा साठवून ठेवणाऱ्या एका कल्पित यंत्राचे वर्णन त्या लेखात होते. ती कल्पना एंगलबार्टांच्या मनातून गेली नाही. १९६२ च्या आपल्या अहवालात त्यांनी माणसाची बुद्धी यंत्राच्या साहाय्याने वाढवण्याचा आराखडा मांडला आणि सहा वर्षांनी तो चालवून दाखवला. माउस जगाने त्या दिवशी पाहिला, म्हणून ते प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. आमच्या दृष्टीने त्यातला एक लहानसा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधून बिल पॅक्स्टन या सहकाऱ्याचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागला. दोघांसमोर एकच मजकूर होता आणि त्यावर दोघांचे दर्शक ठिपके वेगवेगळे फिरत होते. सामाईक पान प्रथमच इतक्या अंतरावरून, त्याच क्षणी, दोघांना दिसत होते.

एंगलबार्टांना त्या पानाचा समासही हवा होता. त्यांच्या प्रणालीत १९७० च्या सुमारास ‘जर्नल’ नावाची सोय झाली. एखादे टिपण तिथे दाखल केले की त्याला क्रमांक मिळे, त्यात पुढे बदल करता येत नसे आणि इतरांना त्याचा हवाला देता येई. बदलते पान आणि न बदलणारी नोंद या दोन्हींची गरज त्यांनी ओळखली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती प्रणाली एका व्यापारी कंपनीकडे गेली आणि एंगलबार्टांचे नाव बराच काळ विस्मरणात राहिले. जगाने माउस उचलला. जर्नलची कल्पना मागे राहिली.

यानंतरचे दोन प्रयोग कलेच्या आणि तत्त्वचिंतनाच्या क्षेत्रातले असूनही साहित्याच्या अभ्यासक्रमांत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. पहिला १९८३ च्या डिसेंबरातला. रॉय ॲस्कॉट या ब्रिटिश कलावंताने पॅरिसमधल्या ‘एलेक्त्रा’ प्रदर्शनासाठी ‘ला प्लिस्यूर द्यू तेक्स्त’ नावाचे काम रचले. रोलाँ बार्त यांच्या संहितेच्या सुखाविषयीच्या पुस्तकाच्या नावाशी केलेला हा खेळ. ‘प्लेझीर’च्या जागी ‘प्लिस्यूर’, म्हणजे चुणी किंवा घडी. अकरा शहरांतले गट संगणकाच्या जाळ्यावरून एक परीकथा लिहिणार होते. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन लोककथांतील पात्रांची जी कार्ये सांगितली, त्यांच्या धर्तीवर प्रत्येक शहराला एकेक भूमिका दिली होती: पॅरिस जादूगार, ॲम्स्टरडॅम खलनायक, सिडनी चेटकीण, व्हँकुव्हर राजकन्या. इकडे राजकन्या झोपलेली असताना तिकडे चेटकीण जागी असे, आणि जाग आल्यावर राजकन्येला कळे की कथा आपल्याला ओलांडून कुठल्याकुठे गेली आहे. कथेला एक सूत्र राहिले नाही, शाखा फुटत गेल्या. तरीही ओळीमागून ओळ वाचताना कोणता हात कोणता हे ओळखता येई, कारण प्रत्येकाला एक भूमिका होती. प्रॉपची पद्धती तयार कथांच्या विश्लेषणासाठी होती. ॲस्कॉटने तिचा उपयोग कामाच्या वाटणीसाठी केला.

दुसरा प्रयोग ज्याँ-फ्राँस्वा लिओतार यांचा. १९८५ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांनी तिएरी शापू यांच्यासह ‘ले इमातेरिओ’ हे प्रदर्शन मांडले. त्याच्या तयारीत त्यांनी सव्वीस लेखक-विचारवंतांना जाळ्याने जोडलेले संगणक दिले. त्यांत जाक देरिदा होते, मिशेल ब्युतोर होते, ब्रुनो लातूर होते. प्रत्येकाने दिलेल्या पन्नास शब्दांमधून निवडून व्याख्या लिहायच्या आणि इतरांच्या व्याख्यांवर टिपणे करायची, असे काम होते. तो सारा संवाद प्रदर्शनाच्या सूचीचा एक खंड म्हणून छापला गेला. इथे मतभेद हाच मजकूर होता. जणू फुलस्केपवरचा चार इंचांचा रकाना वाढत वाढत सबंध कागदभर पसरला. लेखकाच्या अंताविषयी तोवर पुष्कळ चर्चा झाली होती, पण त्या खंडात प्रत्येक टिपणाखाली ते लिहिणाऱ्याची खूण आहे. सामाईक लेखनात नाव अनावश्यक ठरत नाही, उलट त्याची गरज वाढते, हे तिथे दिसून येते.

तोवर एक तांत्रिक प्रश्न सुटलेला नव्हता. दोन माणसांनी एकाच वाक्यात एकाच क्षणी बदल केला तर यंत्राने काय करावे? सी. ए. एलिस आणि एस. जे. गिब्स यांनी १९८९ साली एका निबंधात त्याचे उत्तर मांडले. आम्ही ते मराठी उदाहरणाने सांगतो. ‘नदी आटली’ हे वाक्य दोघांसमोर आहे. मुंबईतला लेखक आरंभी ‘गावची’ हा शब्द घालतो. त्याच क्षणी नागपूरची लेखिका यंत्राला सांगते की दुसऱ्या शब्दानंतर ‘होती’ घाल. मुंबईच्या यंत्रात तिची सूचना पोचते तेव्हा तिथे दुसरा शब्द ‘नदी’ झालेला असतो. सूचना जशीच्या तशी पाळली तर वाक्य होईल ‘गावची नदी होती आटली’, आणि नागपूरच्या पडद्यावर मात्र ‘गावची नदी आटली होती’. एलिस-गिब्स यांचा उपाय असा की आलेली सूचना आधी घडलेल्या बदलाच्या संदर्भात रूपांतरित करावी: ‘दुसऱ्या’चे ‘तिसऱ्या’ करावे आणि मग पाळावी. प्रत्यक्षात ही मोजणी शब्दांची नसून अक्षरचिन्हांची असते, पण तत्त्व हेच. आज गूगल डॉक्ससारखी साधने या तत्त्वाच्या विकसित रूपावर चालतात.

उपाय देखणा आहे आणि त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. दोन्ही पडदे सारखे दिसतील एवढीच त्याची हमी. दोघांनी एकच राहून गेलेला शब्द एकाच वेळी भरला तर तो दोनदा उमटेल आणि यंत्राच्या लेखी सारे ठीक असेल. सुखटणकरांच्या कागदाला दोन्ही पाठ एकाखाली एक हवे होते, कारण निवड माणसाने करायची होती. नव्या पानावर ती निवड कधी झाली हे कळायच्या आत होऊन जाते.

२५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या ‘विकी विकी’ बसवरून त्यांना हे नाव सुचले. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट. कोणीही यावे, पान बदलावे. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया. तिथल्या प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ अशी दोन पाने असतात. समास तिथे परत आला, असे आम्ही म्हणू. लेखाइतकीच त्याची चर्चा वाचावी असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत, कारण ज्ञान ठरते कसे हे मुख्य पानावर दिसत नाही.

सर्जनशील लेखनात हेच साधन वेगळे वागले. १ फेब्रुवारी २००७ रोजी पेंग्विन प्रकाशन आणि इंग्लंडमधील डी मॉंटफर्ट विद्यापीठ यांनी ‘अ मिलियन पेंग्विन्स’ ही विकी-कादंबरी सर्वांसाठी खुली केली आणि सुमारे पाच आठवड्यांनी बंद केली. जवळजवळ दीड हजार लोकांनी नोंदणी केली. पात्रे जन्मली, रात्रीतून मेली, पुन्हा उठली. एका सहभागी व्यक्तीने जागोजागी केळी घुसडायला सुरुवात केली, तेव्हा केळ्यांची एक स्वतंत्र आवृत्तीच वेगळी काढावी लागली. प्रयोगानंतरच्या संशोधन-अहवालाने बाख्तिनच्या जत्रेच्या कल्पनेचा आधार घेतला, आणि तो योग्यच होता. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ॲस्कॉटच्या परीकथेत अकरा शहरांना अकरा भूमिका होत्या. इथे सर्वांना एकच भूमिका, लेखकाची. पान सामाईक होते, इतिहास साठत होता, पण कोणालाही आपली अशी ओळ नव्हती. विकिपीडियावर निःपक्ष मांडणीचा आणि आधार देण्याचा नियम ही वाटणी करतो. कादंबरीला असा कोणता नियम असू शकेल, हे आधी कोणी ठरवले नव्हते.

वाटणीची शिस्त अतिशय कडकपणे पाळली ती संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी. लिनक्सच्या कामासाठी लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ ही प्रणाली रचली. तिच्यात कोणती ओळ कोणी, कधी आणि काय म्हणून बदलली हे नोंदवले जाते. ते पाहण्याच्या आज्ञेचे नाव ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणे. नाव थट्टेचे आहे, पण श्रेय आणि दोष एकाच नोंदीत राहतात हे त्यात बरोबर पकडले आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांना या सामाईक पानापर्यंत पोचायला उशीर झाला, त्याचे कारण लिपीत होते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण आपले छपाईचे आणि टंकनाचे जग निरनिराळ्या फाँटांत अडकलेले होते. त्या फाँटांत देवनागरी अक्षर म्हणजे रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असे. फाँट बदलला की ज्ञानेश्वरीची ओवीही निरर्थक चिन्हांची रांग होई. तंत्र आले होते, पण एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचताच येत नव्हते. २००० नंतर युनिकोड हळूहळू रुळले तेव्हा आपले सामाईक पान शक्य झाले.

ते साधन एव्हाना तयार होते. ऑगस्ट २००५ मध्ये ‘राइटली’ आले, मार्च २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतले आणि त्यातून गूगल डॉक्स उभे राहिले. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ‘ईथरपॅड’ने प्रत्येक लेखकाला वेगळा रंग दिला आणि लेखनाचा सारा प्रवास चित्रपटासारखा पुन्हा पाहण्याची सोय केली. आमच्या मते सुखटणकरांच्या कागदाच्या सर्वांत जवळ आलेले साधन तेच. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ते घेतले, बंद करण्याचे ठरवले, आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींनंतर त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली केली. मे २००९ मध्ये गाजावाजाने जाहीर झालेल्या ‘गूगल वेव्ह’चा विकास पुढच्याच वर्षी थांबला आणि २०१२ मध्ये ते बंद पडले. लाहोर आणि ढाका परदेशात गेले तरी पडताळणीचे कागद पुण्यात होते. आजच्या सामाईक पानाची स्मृती ज्या कपाटात असते, त्याची किल्ली लिहिणाऱ्यांकडे नसते.

इथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका दीर्घ निबंधाचा अनुवाद अशाच पानावर केला. दोघे पुण्यात होतो, एक मैत्रीण परदेशात. मजकूर आम्ही दोघांनी टंकला. ती रात्री वाचून समासात टिपणे लिहीत असे. निबंधातल्या एका कळीच्या संज्ञेसाठी आम्ही ‘अवशेष’ आणि ‘खूण’ यांत अडकलो होतो. तिने समासात ‘माग’ लिहिले आणि खाली एवढेच की माग काढता येतो, अवशेष नुसता सापडतो. त्या एका शब्दाने सारा अनुवाद सुटला. आम्ही शब्द उचलला, टिपणावर ‘निकालात’ अशी खूण केली, टिपण दृष्टीआड झाले. निबंध छापला तेव्हा त्यावर दोन नावे होती. तिने काही म्हटले नाही. पुढे कधीतरी आम्ही त्या पानाची नवी प्रत काढली, आणि अशा प्रतीबरोबर जुना इतिहास येत नाही हे आम्हांला ठाऊक नव्हते. मूळ पान नंतर कोणीतरी आवराआवरीत काढून टाकले. आता ‘माग’ हा शब्द तिचा, याचा पुरावा फक्त आमच्या आठवणीत आहे.

साधनाचा यात दोष नव्हता. समास होता, नोंदही होती. तो समास छापील पानापर्यंत आणणे हे माणसांचे काम होते आणि ते आम्ही केले नाही. कवीच्या वहीतल्या खाडाखोडीवर प्रबंध लिहिणारे आम्ही शिक्षक, स्वतःच्या पानावरची खाडाखोड स्वच्छतेच्या नावाखाली पुसून मोकळे झालो. उद्याच्या अभ्यासकाला आजच्या कवीची वही मिळणार नाही. मिळालाच तर एखाद्या बंद पडलेल्या सेवेचा संकेतशब्द मिळेल. आता तर यंत्रही वाक्य सुचवते, आणि ते सुचवलेले वाक्य स्वीकारले की कोणत्या हाताचे हे पानावरून सांगता येत नाही. अशा वेळी नोंदीचा प्रश्न शिष्टाचारापुरता राहत नाही. संहितेविषयी आपण काय म्हणू शकतो, हेच त्यावर ठरते.

म्हणून आमच्या वर्गात आम्ही आता एक साधा नियम पाळतो. सामाईक पानावर केलेले कोणतेही काम संपले की त्याच्या इतिहासाची एक प्रत कागदावर किंवा स्वतःच्या संगणकावर ठेवायची, आणि शेवटी अर्ध्या पानाचे टिपण जोडायचे: कोणती ओळ कोणाची, कोणता शब्द कोणी सुचवला, कुठे मत पडले नाही. विद्यार्थी सुरुवातीला कुरकुरतात. मग त्यांच्यातच वाद होतात, आणि ते वाद बहुधा मूळ कामापेक्षा अधिक शिकवून जातात.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत काही शब्दांखाली नागमोडी रेघ आढळते. तो पाठ संपादकांनी स्वीकारला आहे, पण त्याविषयी त्यांना पुरती खात्री नाही, असा तिचा अर्थ. आमच्या पडद्यावरही नागमोडी रेघ उमटते, लाल रंगाची. तिचा अर्थ एवढाच की हा शब्द यंत्राला माहीत नाही. ‘माग’ या शब्दाखाली ती कधी उमटली नव्हती. आम्ही त्या अनुवादाची छापील प्रत काढून त्या शब्दाखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली आहे आणि समासात तिसरे नाव लिहिले आहे. पुन्हा छापायची वेळ आली तर ते पहिल्या पानावर जाईल.